पाठीमागचा अंधार

वणीला जाऊन आलो असे सांगितले की पुण्यामुंबईकडची मंडळी आधी हात जोडतात आणि मग विचारतात, "गड चढवला का हो?" त्यांच्या डोळ्यांपुढे असते ती नाशिककडची वणी, सप्तशृंगीच्या पायथ्याची. आमची वणी निराळी. ती यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, निर्गुडा नदीच्या काठी वसलेली आहे. इथले दैवत रंगनाथस्वामी. लोकनायक बापूजी अणे १८८० साली जन्मले ते याच गावात. इंग्रजी अमदानीत या गावाचा रुबाब असा होता, की सबंध जिल्ह्यालाच 'वून', म्हणजे वणीचे नाव होते. १९०५ साली ते गेले आणि यवतमाळ आले. वणीकरांनी ती गोष्ट अजून पुरती मनातून काढलेली नाही, असे मला तिथल्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत समजले.

नागपूरहून वरोऱ्यावरून आले की वर्धा नदीचा पूल लागतो. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळ. पुलाच्या पुढे रस्त्यावर ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक दिसू लागतात आणि कडेच्या बाभळींचा हिरवा रंग काळवंडत जातो. राजूरच्या बाजूला वळावे तर चुनाभट्ट्या, आणि तिथली झाडे पांढुरकी. काळी माती, तीत पांढरा कापूस. जमिनीखाली काळा कोळसा आणि पांढरा चुनखडक. वणी हा असा काळ्यापांढऱ्याचा मुलूख आहे. गेल्या मार्गशीर्षात मी तिथे आठ दिवस राहिलो, ते धाकट्या बहिणीच्या बिऱ्हाडी. भाऊजी कोळसा खाणीत नोकरीला आहेत. भाचा अकरावीत आहे आणि त्याची आजी, म्हणजे भाऊजींच्या मातोश्री, ऐंशीच्या घरात आहेत.

या आठ दिवसांत प्रेक्षणीय स्थळे मी फारशी पाहिली नाहीत. मी पाहिला तो तिथला अंधार, आणि त्याची सुरुवात झाली भाच्याच्या खोलीत.

रात्री जेवणे झाली की हा मुलगा खोलीतला दिवा मालवी, कानांवर ते मोठे कर्णफूल चढवी आणि संगणकावर भीतीचे खेळ खेळत बसे. भीतीचेही खेळ असतात, आणि त्यांना मोठा इतिहास असतो, हे त्याने मला एखाद्या कीर्तनकाराच्या उत्साहाने सांगितले. १९९२ साली एका फ्रेंच कंपनीने 'अलोन इन द डार्क' काढला. १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' आला आणि या खेळांची जगभर चलती झाली. हातात गोळ्या मोजक्या, औषध मोजके, आणि ओसाड वाड्यातून जिवंत बाहेर पडायचे, असा त्यांचा मामला.

"पण मामा, त्या जुन्या खेळांत आपला माणूस आपल्याला दिसायचा," भाचा म्हणाला. "कॅमेरा कुठंतरी छताच्या कोपऱ्यात टांगलेला. तो चालतोय आणि आपण वरून बघतोय. आता तसं नाही. २०१७ साली त्याच खेळाचा सातवा भाग आला, त्यात आपला माणूस दिसतच नाही. फक्त त्याचे हात दिसतात. कारण तो माणूस म्हणजे आपणच."

या एका बदलाने काय होते, ते समजायला आमच्या पिढीला नाटकाचे उदाहरण बरे. रंगमंचावर नायक बेसावध उभा आहे, पडद्यामागून खलनायक सुरी घेऊन येतो आहे; तेव्हा पिटातला एखादा भाबडा प्रेक्षक ओरडतो, "अरे, मागे बघ!" ही भीती खरीच, पण ती दुसऱ्यासाठी वाटलेली असते. तीत काळजी असते, थोडी मजाही असते, आणि मुख्य म्हणजे जे नायकाला दिसत नाही ते आपल्याला दिसत असते. नायकाची पाठ आपण सांभाळत असतो. प्रेक्षकाला उचलून नायकाच्या डोळ्यांत नेऊन बसवले की ओरडणारा कोणी उरत नाही. समोरचे तेवढे दिसते. पाठ मात्र उघडी पडते.

'मी' म्हणून भीती सांगण्याची युक्ती जुनीच आहे. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. पण कथेतला 'मी' हा मुळात एक दिलासा असतो. 'मी त्या वाड्यात शिरलो' असे कोणी सांगू लागला, की तो वाड्यातून बाहेर आला हे ओघानेच आले. नाहीतर आपल्याला सांगतो कोण? एखादा लबाड लेखक यातूनही पळवाट काढतो, पण सामान्यतः 'शिरलो' या भूतकाळी क्रियापदातच वाचकाचे अभय असते. खेळातल्या 'मी'ला भूतकाळ नाही. तो आत्ता दार ढकलतो आहे. दारापलीकडे काय आहे ते त्याने अजून पाहिलेले नाही, आणि बाहेर आल्यावर सांगायला तो उरेल की नाही, हे कोणी ठरवलेले नाही.

सिनेमावाल्यांनीही हा प्रयोग करून पाहिला होता. १९४७ साली हॉलिवूडमध्ये 'लेडी इन द लेक' नावाचे चित्र निघाले. त्यात कॅमेरा हेच नायकाचे डोळे. नायक दिसतो तो बहुतेक आरशात. पण प्रेक्षकाला डोळे दिले तरी मान दिली नाही. दिग्दर्शक वळवील तिकडे बघायचे. खेळाने मान दिली. मागे वळायचे की नाही, हे आता आपल्या हाती. आणि मला वाटते खरी गोम इथेच आहे. मागे बघावे तर पुढून काही येईल. न बघावे तर मागे काय आहे ते कळणार नाही.

भाच्याने मला बसवलेच. खेळ होता 'अ‍ॅम्नीशिया', २०१० साली स्वीडनमध्ये तयार झालेला. एक पडका किल्ला. हातात कंदील, पण तेल थोडे. शस्त्र काहीच नाही. अंधारात फार वेळ उभे राहिले तर खेळातल्या माणसाचे भान सुटू लागते, चित्र डोलते, श्वास चढतो. त्या राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी तेच होते. म्हणजे आले ते बघू नये आणि बघितल्याशिवाय कळू नये! मी दहाएक मिनिटे खेळलो. त्यात राक्षस एकदाही पुरता दिसला नाही. दिसली ती दगडी भिंत, कंदिलाच्या उजेडाची हातभर कड, आणि ऐकू आले ते वरच्या मजल्यावर काहीतरी ओढत नेल्यासारखे. कानांवर ते यंत्र असल्यामुळे आवाज डावीकडचा की पाठीमागचा हे नेमके कळते. भिववायचे काम तिथे डोळ्यांहून कानच अधिक करतात.

२०१३ सालच्या 'आऊटलास्ट' या खेळात तर हातात नुसता व्हिडिओ कॅमेरा असतो. अंधारात त्याच्या काचेतूनच दिसते, आणि त्याची बॅटरी उतरत जाते. पुढच्या वर्षीच्या 'एलियन : आयसोलेशन'मध्ये जवळपास काही हलले की टिकटिकणारे एक यंत्र मिळते, पण त्या यंत्राकडे बघावे तर समोरचे धूसर होते. कारागिरी बघा कशी आहे! देतात ते साधन असे, की एक दिसावे म्हणून दुसरे गमवावे. ही मंडळी भुते फार दाखवीत नाहीत. ती आपली दृष्टी थोडी थोडी कापून घेतात.

खेळून उठलो तेव्हा लक्षात आले, की खोलीच्या कोपऱ्यात आजी वाती वळत बसल्या आहेत. मी बहिणीला विचारले, "या अंधारात त्या इथे कशा?" ती हसली. "आजी बसल्याशिवाय हा खेळ लावतच नाही. त्याच्या खुर्चीच्या मागेच त्यांची जागा." भाच्याचे कान लाल झाले. आजी शांतपणे म्हणाल्या, "त्याला पुढचं दिसते. मागचं पाहाले मी आहोच."

भाऊजी इतका वेळ दारात उभे होते. ते म्हणाले, "मामासाहेब, हा खेळ आम्हाला कंपनी फुकट खेळू देते, वर पगार देते. परवानगी काढतो, चला एकदा."

वणीच्या आसपास बहुतेक खाणी उघड्या आहेत, म्हणजे माती बाजूला सारून वरून कोळसा काढायचा. पण भूमिगत खाणीही या भागात आहेत. देशातल्या या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूरला मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली. आम्ही गेलो त्या खाणीच्या तोंडाशी आधी झडती झाली. काडेपेटी, विडी, मोबाईल, सगळे वर ठेवायचे. खाली वायू असू शकतो आणि एक ठिणगी पुरते. मग डोक्यावर टोप, त्याला दिवा, कमरेला त्याची बॅटरी, पायांत जड बूट. उतरत्या बोगद्यातून चालत चालत खाली. शंभरेक पावलांवर मागचे तोंड पैशाएवढे दिसू लागले, मग तेही गेले.

टोपाच्या दिव्याची गंमत अशी, की तो नजरेला जखडलेला असतो. जिकडे मान तिकडे उजेड. म्हणजे ज्याच्याकडे आपण पाहत नाही त्याच्यावर आपला उजेड कधीच नसतो. भाच्याच्या खेळातला कंदील मला तिथे पहिल्यांदा नीट समजला. एका वळणावर भाऊजींनी सर्वांना दिवे विझवायला सांगितले. रात्रीच्या आकाशाला थोडा तरी उजेड असतो. इथे तोही नव्हता. डोळे उघडे की मिटलेले हे पापणीला हात लावून बघावे असा अंधार. आपला 'मी' त्या वेळी केवढासा होतो! हात दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत. उरतो तो श्वासाचा आवाज आणि कुठेतरी ठिबकणारे पाणी.

दिवे लागल्यावर एक अनुभवी सिरदार लांब काठीने छत ठोकताना दिसले. छत घट्ट असले तर खणखणीत आवाज येतो, थर सुटला असेल तर पोकळ, ढोलासारखा. पूर्वी लाकडी टेकू असत, तेव्हा छत बसण्याआधी लाकूड कुरकुरे. जुने कामगार त्याला 'लाकूड बोलते' म्हणत. आता छताला पोलादी बोल्ट ठोकतात. "पण कान ठेवावाच लागते," ते म्हणाले, "आन् एकट्यानं कुठं जायचं नाही. मी वर पाह्यतो, तवा हा माह्या मागं पाह्यते." त्यांच्या मागे खरोखरच एक तरुण कामगार उभा होता. त्याचे काम काय, तर सोबत.

पुढचे दोन दिवस भाऊजींच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. कापसाची वेचणी चालू होती. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वणीच्या पूर्वेला नदीपलीकडे चंद्रपूरच्या खाणी आणि ताडोबाचे जंगल. पश्चिमेला पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. वाघांना एवढी जागा पुरत नाही. टिपेश्वरचा गळपट्टा लावलेला एक तरुण वाघ २०१९ साली निघाला, तो तेलंगणातून फिरत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. वाटेत त्याने शेतेच शेते तुडवली. त्याआधीची अवनी तर सर्वांना ठाऊक आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका या वाघिणीवर होता. तिच्यासाठी ड्रोन आणले, हत्ती आणले, परदेशी अत्तराचा वास पसरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ती बोराटीजवळ गोळीने मेली. तिला मारायला हवे होते की नव्हते, यावर शहरांतून पुष्कळ लिहिले गेले. तो वाद इथे उकरत नाही. मला पाहायचे होते ते एवढेच, की ज्याच्या पाठीशी तूर-कापसाचे दाट शेत आहे तो माणूस वाकून काम कसे करतो.

वाघ बहुधा मागून येतो, आणि वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसत असावा, असे जाणकार सांगतात. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास लाकूडतोडे आणि मध गोळा करणारे डोक्याच्या मागे माणसाचा मुखवटा बांधू लागले होते, ते याचसाठी. पाठीला डोळे! काही काळ त्याचा उपयोग झाला. पुढे वाघांनीही ती युक्ती ओळखली असे सांगतात.

या शेतात मुखवटे नव्हते. सहा बायका होत्या. पाचजणी ओळीने वाकून बोंडे वेचत होत्या आणि एक बांधावर उंच जागी पाठ वळवून उभी होती. हातात काठी, तोंडाने मोठमोठ्याने गप्पा. तासाभराने ती खाली उतरली आणि दुसरी वर गेली. वेचणीची मजुरी किलोवर असते. जी उभी राहिली तिचा तेवढा कापूस बुडाला. मी त्यांच्यातल्या वयस्क बाईंना विचारले, "मग हिच्या तासाचे पैसे?"

"सगळ्याईचा कापूस एकाच गाठोड्यात," त्या म्हणाल्या. "मोजाचा एकदा, वाटाचा सारखा. वेचनाऱ्या बाईचे डोये बोंडात असते, दादा. मांगं कोन पाह्यनार? थे उभी हाये म्हनून आमी वाकतो."

दिवसाला सहांतली एक मजुरी बांधावर उभी राहते. ती कोणत्याही हिशेबात दिसत नाही. शेतकऱ्याच्या नाही, सरकारच्याही नाही. ती त्या सहाजणींच्या पदरातून जाते.

त्याच संध्याकाळी शेतकऱ्याबरोबर माळ्यावर बसलो. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून हरभरा राखायचा म्हणजे थंडीत जागल आलीच. माळा म्हणजे चार खांबांवर टेकवलेली खाट, वर तुराट्यांचे छप्पर. अंधार पडताच मी बॅटरी लावली. समोर झोताएवढे शेत उजळले आणि बाकीचे सबंध शिवार एकदम नाहीसे झाले. शेतकरी म्हणाला, "मालवा थे. बॅटरीनं दिसत नाही."

मी मालवली. शास्त्रही हेच सांगते. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोताने ती कमाई जाते. हळूहळू बांध दिसू लागला, मग बोरीचे झाड, मग दूरवर खाणीच्या दिव्यांनी पिवळट झालेले क्षितिज. चारी बाजूंचे थोडे थोडे दिसू लागले. खेळात कंदिलाचे तेल संपले की भीती वाढते. इथे दिवा मालवल्यावर ती कमी झाली. कारण झोताबरोबर ते एकाच बाजूला बघणेही गेले होते. तासाभराने कुत्रे भुंकले, माझ्या नेमके पाठीमागे. माझी मान वळली, पण शेतकरी हलला नाही. "डुक्कर हाये," तो म्हणाला. "वाघाले हा असा भुकत नाही. तवा हा खाटेखाली येते." त्याच्या पाठीमागचे त्याला कुत्रे सांगत होते, शेजारच्या शेतातून दर थोड्या वेळाने एक हाळी येत होती आणि हाही तशीच हाळी देत होता. त्या हाळीत शब्द नव्हता. मी आहे, तू आहेस ना, एवढाच अर्थ.

'पाठराखण' हा शब्द आपण लग्नात नवरीबरोबर जाणाऱ्या पाठराखिणीसाठी वापरतो, राजकारणात एखाद्याची बाजू घेणाऱ्यासाठी वापरतो. मुळात तो अगदी शरीराचा शब्द आहे. निसर्गाने माणसाला डोळे पुढे दिले आणि पाठ दुसऱ्यावर सोपवली. भीतीचे ते खेळ रचणाऱ्यांनी नेमके हेच ओळखले आहे. ते आपल्याला राक्षस देतात तो नावापुरता. खरे म्हणजे ते आपली पाठराखण काढून घेतात आणि मग चार भिंतींत, पंख्याखाली बसलेल्या मुलाचाही घाम काढतात. मला त्या खेळांची तक्रार करायची नाही. घाबरायला मजा येते, आणि मुलांना ती येऊ द्यावी. शिवाय आपली पाठ किती उघडी आहे हे ज्याला दहा मिनिटे तरी कळले, त्याला बांधावर उभ्या असलेल्या बाईची मजुरी कुठल्या खात्यात घालायची, हा प्रश्न कदाचित लवकर पडेल.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी तो प्रश्न भाऊजींना विचारला. ते म्हणाले, "खाणीत सोबत्याला पगार मिळतो. ते मिळवायला माणसांना फार वर्षं लागली. शेतात अजून नाही." एवढे बोलून ते पाळीवर गेले.

आपल्या जुन्या घरांतून दिवाळीत पुढच्या दारी पणत्यांची रांग लावल्यावर एक पणती मागल्या दारी, परसात नेऊन ठेवण्याची चाल होती. कोणी पाहुणा त्या दाराने येत नसे, आणि ती शोभेलाही नसे. फ्लॅटच्या घरांना मागले दार राहिले नाही आणि ती पणतीही गेली. वणीकडच्या शिवारात मात्र अजून घरांना परस आहेत, परसामागे तुरी आहेत, आणि तुरीमागे काय आहे ते रात्री कोणी सांगू शकत नाही. तिथल्या बायका ती पणती आजही न विसरता लावतात.